एका नावाच्या तिघी

शर्टांच्या त्या कारखान्यात कुणी ते नाव घेऊन हाक मारली, की तीन मशिनी एकदम थांबायच्या. तीन माना वर व्हायच्या. मग "मला नसेल गं, तुला असेल" असं एकमेकींना खुणावत तिन्ही माना पुन्हा खाली. हाक मारणारा बिचारा दोऱ्याचं रीळ हातात धरून तसाच ताटकळत उभा. शेवटी एक दिवस कटिंगमास्तर वैतागले. हातातला खडू टेबलावर आपटून म्हणाले, "आजपासून नाव बंद! जी कॉलर करते ती कॉलर, कफ करते ती कफ, आणि खिसा लावते ती खिसा. कुणाला राग आला तर घरी जाऊन आईबापांना विचारा, दुसरं नाव सुचलं नव्हतं का म्हणून!"

राग कुणालाच आला नाही. आईबापांनी देवाचं नाव मोठ्या हौसेनं ठेवलं होतं. हौस सगळ्या गल्लीलाच आली, त्याला कोण काय करणार?

तिघींत कॉलर सगळ्यात जुनी. ती कामाला लागली तेव्हा कारखाना नव्हताच. घरामागची एक खोली, दोन मशिनी, आणि मोठ्या बाई. एका मशिनीवर बाई, दुसरीवर ही. कॉलर करायला बाईंनीच हाताला धरून शिकवलं. कापडाच्या दोन पट्ट्या, मधे कडक बकरमचं अस्तर, तीन बाजूंनी शिवायचं, मग उलटून बोथट काडीनं टोकं बाहेर काढायची आणि काठाला धरून वरून एक टीप मारायची. झाली की कॉलर मधोमध दुमडून दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून बघायची. "जुळी पोरं दिसली पाहिजेत," बाई म्हणायच्या. "आईलासुद्धा ओळखू येता कामा नयेत."

पुढे खोलीचा कारखाना झाला. वरच्या मजल्यावर मालकांचं ऑफिस आणि त्याला लागून बाईंचं घर, खाली मशिनींची रांग. बाईंचे गुडघे धरले तसं त्यांचं खाली उतरणं बंद झालं आणि कारभार मुलाकडे गेला. मशिनीवरच्या बायका आल्या, गेल्या. हिचं नाव तर कॉलरच पडलं, इतकं की घरापर्यंत पोचलं. नवऱ्याचं कुलपं-छत्र्या दुरुस्त करायचं छोटं दुकान. संध्याकाळी ही दारात दिसली की तो हातातली किल्ली घासता घासता म्हणायचा, "आल्या कॉलरबाई! आता सगळे ताठ बसा."

"तुम्ही आधी उठा त्या पायरीवरून, मग ताठ बसा," ही म्हणायची.

घरी ती आई, वहिनी, मामी, शेजारच्यांची काकू. तिचं खरं नाव आता उरलं होतं ते फक्त संध्याकाळच्या हात जोडण्यात. देवापुढे डोळे मिटून ती मनातल्या मनात सांगायची, मी अमुक, तुझ्या दाराशी आले आहे. तेवढंच.

आणि त्या डोळ्यांचंच तर काही तरी बिनसलं होतं.

आधी वाटलं, कारखान्यातला दिवा खराब झालाय. मग घरातल्या दिव्याभोवतीही तसंच कडं दिसू लागलं. मग सगळ्या जगावरच दुधावर धरते तशी साय धरली. पांढऱ्या, निळ्या कापडावर निभून जायचं. टीप दिसली नाही तरी बोटाला काठ कळायचा, इतक्या वर्षांत बोटांनाच डोळे फुटले होते. पण त्या मोसमात एका हॉटेलच्या वेटरांचे शर्ट आले. काळं कापड, काळा दोरा. काळ्यावर काळी टीप म्हणजे तिच्यासाठी विहिरीत वाकून बघणं झालं.

सुईत दोरा ओवायला ती शेजारच्या कफला सांगायची. "बोटाला चीर पडलीय गं, जरा ओव." कफ तिघींत धाकटी, लहान मुलाची आई, बोलायला कमी. ती मुकाट्यानं वाकून ओवून द्यायची. चीर कुठे आहे हे तिनं कधी विचारलं नाही. पुढे पुढे तर सांगावंही लागेना. दोरा संपला की तिचा हात आपसूक इकडे यायचा.

घरी लपवणं जास्त अवघड होतं. लेक नर्सिंग शिकत होती, शेवटचं वर्ष. हल्ली तिला घरात माणसं दिसतच नसत, पेशंटच दिसत. बापाला खोकला आला की त्याची पाठ ठोकून बघायची, शेजारचा म्हातारा लंगडला की त्याला खुर्चीत बसवायची. "आई, तू धान्य इतकं जवळ धरून का निवडतेस?" असं तिनं एकदा विचारलंच.

"आजकालचे खडेच बारीक येतात," आईनं सांगून टाकलं.

डॉक्टरकडे का जात नव्हती? तर तिला निदान आधीच ठाऊक होतं, म्हणून. तिच्या आईचं असंच झालं होतं. ह्याच वयात साय धरली, मग दाट झाली, मग आई दाराशेजारच्या खाटेवर बसली ती बसलीच. येणाऱ्याजाणाऱ्याला पावलांवरून ओळखायची. "आमच्यात डोळे असेच जातात," आजोळचे सगळे म्हणायचे, जसं काही नाकाचा आकार असावा. हिनंही ते तसंच मानून घेतलं होतं. आता देवाला एवढंच मागणं होतं, की लेकीच्या हातात नोकरी येईपर्यंत हे उजेडात येऊ नये. खुर्ची गेली की घराचं काय, हे नवऱ्याच्या दुकानातल्या गंजलेल्या छत्र्या बघून कुणालाही कळलं असतं.

अशात एक दिवस, काम सुटायच्या वेळेला, भिंतीवरचा फोन वाजला. मास्तरांनी उचलला. "हो साहेब. हो. उद्या सकाळी. पाठवतो. पण साहेब, कुठली..." आणि थांबले. फोन तिकडून ठेवला गेला होता.

मास्तर वळले. चेहरा उतरलेला. तिघींकडे बघून त्यांनी ते बंद केलेलं नाव घेतलं. "हिला उद्या सकाळी वर पाठवा म्हणाले."

"कुणाला हिला?" खिसा म्हणाली.

"तेच तर. नुसतं नाव सांगितलं."

"मग परत लावा फोन आणि विचारा."

"आणि काय विचारू? माझ्याच हाताखाली कोण आहे ते मला माहीत नाही म्हणून?" मास्तरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "साहेबांचा स्वभाव बघता ना तुम्ही."

'वर' जाणं म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं. गेल्या महिन्यात इस्त्रीवाल्याला वर बोलावलं होतं. तो अर्धा चहा खिडकीत झाकून ठेवून गेला. उतरला तो सरळ डबा उचलून घरी. चहा दुसऱ्या दिवशी मास्तरांनीच ओतून टाकला.

हात धुवायच्या नळापाशी तिघी जमल्या. खिसा जाडजूड, तोंडाची फटकळ, पण आज साबण चोळता चोळता तिचाही हात थबकला. "मीच असणार," ती म्हणाली. "परवा साहेब खाली आले होते तेव्हा मी मोठ्यांदा म्हणाले ना, की हा पंखा फिरतो कमी आणि कण्हतो जास्त. ऐकलं त्यांनी. माझी जीभ एक दिवस माझा खिसा रिकामा करणार, हे माझी सासू सांगतच होती."

"तुम्ही नाही मावशी, मी," कफ पुटपुटली. "बाळाच्या आजारपणात किती रजा झाल्या माझ्या. दर वेळी मास्तरांनी सांभाळून घेतलं, पण वरती कळणारच."

दोघींनी कॉलरकडे पाहिलं. ती टॉवेलनं बोटं पुसत होती, एकेक बोट, फार सावकाश. "देव जाणे," एवढंच म्हणाली.

"देव तर जाणेच. पण साहेबांनाही जाणू दे की!" खिसा एकदम उसळली. "ऐका. नावानं बोलावलंय ना? मग ज्यांचं ज्यांचं नाव आहे त्या सगळ्या जाऊ. तिघी उभ्या राहिल्या तर साहेबांनाही बोलायला जड जाईल. आणि वरून बोलावणं आलंच आहे, तर सोबतीनं गेलेलं बरं."

"अगं, अभद्र काय बोलतेस!" म्हणता म्हणता कॉलरलाही हसू आलं. हसताना डोळ्यांत पाणी आलं आणि नळ, बादली, दोघींचे चेहरे, सगळं आणखीनच विरघळलं.

संध्याकाळी घरी आल्यावर ती रोजच्यासारखी हात जोडून बसली. बाहेर नवरा छत्रीच्या काड्या वाकवत होता, लेक मोठ्यांदा काही तरी पाठ करत होती. तिनं डोळे मिटले. मनात आलं, देवा, मी नसू दे. उद्या जिचं बोलावणं आहे ती मी नसू दे.

आणि तिथेच तिची जीभ मनातल्या मनात चावली गेली. मी नसू दे म्हणजे काय? कफ असू दे? जिच्या कडेवर ते अशक्त पोर आहे? की खिसा असू दे, जिचं अख्खं घर तिच्या एकटीच्या जिवावर? त्यांचंही नाव तेच. याच वेळी त्यांच्या त्यांच्या घरी त्याही हात जोडून बसल्या असतील, आणि मी अमुक म्हणून हेच नाव सांगत असतील. देवापुढे एकाच नावाच्या तीन चिठ्ठ्या, आणि तिन्हींवर एकच मजकूर: मला सोड, दुसरीला धर.

तिला स्वतःची लाज वाटली. मग ती हळूच म्हणाली, देवा, या नावाच्या जेवढ्या असतील तेवढ्यांना सांभाळ. मग त्यात मीही आलेच. तुझा काही माझ्यासारखा गोंधळ होत नाही.

एवढं म्हटल्यावर छातीवरचा धोंडा थोडा सरकला. गेला नाही, सरकला. आणि उठता उठता तिनं ठरवून टाकलं, की वर गेल्यावर आधी आपण बोलायचं. दुसऱ्या दोघींच्या मानेवर सुरी ठेवून आपली कॉलर वाचवायची नाही.

सकाळी तिघी जिना चढल्या. कफनं धुतलेली साडी नेसली होती, खिसानं केसांना तेल चोपडलं होतं. एका रांगेत तिघींना दारात बघून मालक खुर्चीतून अर्धे उठले. तरुण माणूस, कपाळावर कायम आठी. "तिघी? मी एकीला बोलावलं होतं."

"साहेब," कॉलरनं तोंड उघडलं, पण खिसाची जीभ तिच्या आधी सुटली. "साहेब, पंख्याचं मी बोलले ते उकाड्यात बोलले. पंखा तसा चांगला आहे. जुना आहे, एवढंच."

"पंखा? कुठला पंखा?"

"साहेब, बाळ आता बरं आहे," कफनं घाईघाईनं मधेच घुसवलं. "आता नाही रजा घ्यायची मी."

"बाळाला काय झालं होतं?" मालकांच्या कपाळावरची आठी आता गोंधळाची झाली होती.

"ह्या दोघींचं काही ऐकू नका," कॉलर म्हणाली. "बोलावणं माझंच आहे. मला दिसत नाही साहेब. काळ्या कापडावर तर अजिबातच नाही. कॉलरी खराब गेल्या असतील तर त्या माझ्या. ह्यांच्या हातचं काम चोख आहे."

कफनं मान खाली घातली. खिसा मात्र आ वासून कॉलरकडे बघतच राहिली. "अगं, मग बोलायचंस की! मला वाटायचं तू हल्ली मला बघून न बघितल्यासारखं करतेस. रागावले होते मी तुझ्यावर!"

मालकांनी दोन्ही हात वर केले. "थांबा, थांबा! मी कुणाला काही विचारलंय का? आईनं बोलावलंय. तिनं नाव सांगितलं, मी मास्तरांना तेच कळवलं. ह्या नावाच्या तीन-तीन असतील हे मला काय माहीत?" मग आतल्या दाराकडे वळून त्यांनी आवाज दिला, "आई! आलीय. म्हणजे आल्यात."

आतून मोठ्या बाईंनी नावानं हाक मारली. तिघीही एका दमात "ओ" म्हणाल्या.

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, डोळ्यांवर काळा चष्मा. मांडीवर एक काळा शर्ट. "अगंबाई, मी तर एकीलाच हाक मारली," म्हणून त्या हसल्या. त्यांना कॉलर, कफ, खिसा यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या खाली उतरत होत्या तोवर ह्या नावाची एकच होती. "पुढे ये गं तू. अशी उजेडात."

कॉलर पुढे झाली.

"माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ऐकलंस ना? पट्टी सुटली आणि पहिल्यांदा स्वच्छ दिसलं ते काय, तर माझ्या मुलाच्या शर्टाची कॉलर. वेटरांच्या कापडातला एक ह्यानं स्वतःला करून घेतला. ही टीप बघ."

"बाई, दिसत नाही."

"तेच म्हणतेय मी!" बाईंनी शर्टाची कॉलर दुमडून टोकावर टोक ठेवलं. "जुळी नाहीत ही, चुलतभावंडं झालीत. पण तुझा हात चुकलेला नाही. हात चुकला की टीप वाकडी जाते ती जातेच. ही काठ सोडून आत गेलीय आणि चाचपडत परत काठावर आलीय. म्हटलं, ह्या मुलीला दिसत नाही. मी काय कमी चाचपडले? सुनेला शेजारीण समजून चहाचा आग्रह करत होते! सून बिचारी घेऊन टाकायची."

इतके दिवस दाबून ठेवलेलं कॉलरनं पुढे ठेवलं होतं, आणि बाई त्यावर हसत होत्या. "पण बाई, आमच्यात डोळे असेच जातात. माझ्या आईचेही..."

"आईला कुठल्या डॉक्टरनं बघितलं होतं?"

कुणीच बघितलं नव्हतं.

"उद्या माझ्या डॉक्टरांकडे जायचं. बाकीचं मी बघते."

"आणि माझी मशीन?"

"ती काय पाय फुटून पळणार आहे? तोवर ही बसेल," बाईंनी कफकडे बोट केलं. "येईल ना गं कॉलर तुला?"

"येते," कफ म्हणाली. "ताईंच्या शेजारी बसून बसून आली."

जिना उतरताना खिसा दोन पायऱ्या पुढे होती. खाली मास्तर टोपी हातात घेऊन उभेच होते. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. चहा सांगा," खिसा म्हणाली. "आणि हो, निघताना साहेब म्हणाले पंख्याचं बघतो. बघा, न विचारता बोललं की असं होतं."

कॉलर शेवटच्या पायरीवर बसली. कफ तिच्याजवळ टेकली. कॉलरला रडू आलं ते तेव्हा, आणि ते वाईटाचं नव्हतं.

घरी कळल्यावर लेकीनं आधी खूप आरडाओरडा केला. "मी नर्सिंग शिकते आणि माझ्याच आईचा मोतीबिंदू मला दिसला नाही! खडे बारीक येतात म्हणे!" मग तिनंच बरोबर येऊन सगळं केलं. डॉक्टरांनी भिंगातून बघून सांगितलं, साधा मोतीबिंदू, ह्यात घाबरण्यासारखं काही नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना कॉलर मधेच थांबली. लेकीला वाटलं, अंधारी आली. पण तिच्या मनात आलं होतं ते दुसरंच. दाराशेजारची ती खाट. आईचीही सायच असेल. साधीच असेल. कुणी तरी हाताला धरून न्यायला हवं होतं, एवढंच. त्या संध्याकाळी हात जोडताना तिनं आईचं नाव घेतलं, आणि त्या नावापाशी जरा जास्त वेळ बसली.

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन यथासांग झालं. पट्टी सुटली तेव्हा तिनं पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही इतके म्हातारे कधी झालात?"

"तुझे डोळे बंद होते तेव्हा," तो म्हणाला. "म्हटलं, उरकून घ्यावं."

पुढे एकदा तपासणीला ती एकटीच गेली होती. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बाकावर बसलेली. भिंतीवरचं कॅलेंडर वाच, समोरच्या माणसाच्या शर्टाच्या टिपा बघ, असं चाललेलं. टिपा काही धड नव्हत्या. तिच्या शेजारी एक बाई बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळ, सोड, पुन्हा गुंडाळ. आतून नर्सनं दार उघडून नाव पुकारलं.

दोघी उभ्या राहिल्या.

नर्सनं हातातला कागद बघितला, दोघींना बघितलं. "एकीनंच या."

त्या बाईनं लगेच मागे पाऊल घेतलं. "ह्यांनाच घ्या आधी. मला काही घाई नाही." घाई नव्हतीच तिला. तिला तिथून पळून जायचं होतं. कॉलरला ते चेहऱ्यावर लख्ख दिसलं. आता सगळंच लख्ख दिसत होतं.

"तुमचंही हेच नाव?" त्या बाईनं विचारलं.

"माझं आहे. माझ्याबरोबर काम करतात त्या दोघींचंही आहे." कॉलर खाली बसली आणि तिला हातानं पुढे जायची खूण केली. "सायच धरलीय ना डोळ्यांवर? जा तुम्ही. काही होत नाही. मी इथेच आहे."

ती बाई आत गेली. दार लागलं. कॉलरनं डोळे मिटून घेतले, आता ते अंधाराला भीत नव्हते. त्या अनोळखी बाईसाठी वेगळं काही मागायची तिला गरजच पडली नाही. रोजच्या मागण्यात तिचं नाव आधीपासून होतंच.